व्हिममधले मोड: आत कसं जायचं, बाहेर कसं यायचं

व्हिम हा टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर पहिल्यांदा समोर येतो तो बहुतेक वेळा न बोलावताच. गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, कमिट (बदलांची नोंद) करताना मेसेज द्यायचा राहतो आणि अचानक वेगळीच स्क्रीन उघडते. किंवा सर्व्हरवरच्या एखाद्या फाइलमधली एक ओळ बदलायची असते आणि तिथे दुसरा एडिटरच नसतो. आपण सवयीने टाइप करायला लागतो. पहिली काही अक्षरं कुठे जातात ते कळत नाही, मधूनच एखादी ओळ नाहीशी होते, मग एकदम अर्धा शब्द उमटतो. शेवटी टर्मिनलची खिडकीच बंद करून माणूस मोकळा होतो.

नाशिकला डिप्लोमा आणि इंजिनीअरिंग करणाऱ्या मुलामुलींसोबत बसताना हे मी नेहमी बघतो. त्यांचं अडतं दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे व्हिममध्ये एकाच बटणाचा अर्थ मोडप्रमाणे बदलतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दुसरं म्हणजे मराठी टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डलाही स्वतःचे दोन मोड असतात, इंग्रजी आणि मराठी, आणि त्यातला कुठला चालू आहे हे व्हिमला कळत नाही. पहिल्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं मिळतं. दुसऱ्यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे त्यावर जरा जास्त थांबणार आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घेऊ. या लेखात बटणांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. ‘आय’ म्हटलं की कीबोर्डवरचं इंग्रजी आय दाबायचं, ‘कॅपिटल आय’ म्हटलं की शिफ्ट धरून आय. व्हिमसाठी या दोन वेगळ्या कमांड आहेत. त्यामुळे कॅप्स लॉक बंद आहे ना, हे बघूनच पुढे वाचा.

फाइल उघडा आणि खालची ओळ बघा

टर्मिनलमध्ये व्हिम हा शब्द इंग्रजीत टाइप करा, एक स्पेस द्या, फाइलचं नाव द्या आणि एंटर दाबा. सरावासाठी ‘तालुके डॉट टीएक्सटी’ नावाची नवी फाइल घेऊ. समोर रिकामी स्क्रीन येईल आणि डाव्या कडेला ~ या चिन्हांची उभी रांग दिसेल. ती चिन्हं तुमच्या फाइलमध्ये नाहीत. फाइल इथे संपली, एवढंच ती सांगतात.

आता सगळ्यात खालची ओळ बघा. तिथे फाइलचं नाव आहे, मोडचं नाव कुठेच नाही. याचा अर्थ तुम्ही नॉर्मल मोडमध्ये आहात. व्हिम नॉर्मल मोडचं नाव लिहीत नाही. इन्सर्ट, व्हिज्युअल, रिप्लेस यांपैकी काही चालू असेल तर त्याचं नाव दोन्ही बाजूंना दोन-दोन डॅश देऊन खाली दिसतं. नवशिक्याने पहिल्या दिवसापासून एकच सवय लावून घ्यावी, ती म्हणजे काही टाइप करण्याआधी नजर खाली टाकायची. कमांड विसरलात तर शोधता येतात. आपण कुठल्या मोडमध्ये आहोत हेच माहीत नसेल तर पाठ असलेल्या कमांडही उपयोगाच्या नाहीत.

उबंटूच्या ताज्या इन्स्टॉलेशनवर एक अडचण हमखास येते. तिथे व्हीआय ही कमांड दिली की व्हिमची अगदी छोटी आवृत्ती उघडते. तिच्यात खाली इन्सर्ट असं लिहून येत नाही, आणि इन्सर्ट मोडमध्ये बाणाची बटणं दाबली तर स्क्रीनवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं पडतात. तुमचा कीबोर्ड बिघडलेला नसतो. सुडो एपीटी इन्स्टॉल व्हिम ही कमांड देऊन पूर्ण व्हिम बसवा, दोन्ही तक्रारी जातात. कॉलेजच्या लॅबमध्ये ती परवानगी नसेल तर लॅब असिस्टंटना सांगा, काम काही मिनिटांचं आहे.

लिहायला आय, थांबायला एस्केप

कीबोर्डचा लेआउट सध्या इंग्रजीच ठेवा. आय दाबा. स्क्रीनवर काहीच उमटणार नाही, पण खाली इन्सर्ट असं दिसेल. आता जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांची नावं इंग्रजी स्पेलिंगने लिहा, एका ओळीवर एक: निफाड, येवला, चांदवड, सिन्नर, दिंडोरी. लिहून झालं की एस्केप दाबा. खालचा इन्सर्ट शब्द गेला. तुम्ही परत नॉर्मल मोडमध्ये आलात.

एस्केप दाबताना कर्सरकडे नीट लक्ष द्या. दिंडोरी लिहून संपवलं तेव्हा तो शेवटच्या अक्षराच्या पुढे होता, एस्केप दाबताच तो एक घर मागे सरकून शेवटच्या अक्षरावर येऊन बसला. इन्सर्ट मोडमध्ये कर्सर दोन अक्षरांच्या मध्ये असतो, नॉर्मल मोडमध्ये तो अक्षराच्या अंगावर असतो, म्हणून असं होतं. आता पुन्हा आय दाबून १ टाइप केलात तर तो १ शेवटच्या अक्षराच्या आधी घुसेल. एस्केप दाबा आणि यूने, म्हणजे बदल रद्द करणाऱ्या बटणाने, तो काढून टाका म्हणजे कर्सर जागेवर येईल, आणि आता आयऐवजी ए दाबून तोच १ टाइप करा. या वेळी तो शेवटच्या अक्षराच्या नंतर येईल. आय आणि ए यांच्यातला फरक एवढाच आहे: कर्सरखालच्या अक्षराच्या आधी लिहायचं की नंतर. तो दोनदा करून बघितला की डोक्यात बसतो, वाचून बसत नाही.

इन्सर्ट मोडमध्ये जायच्या आणखी चार वाटा रोज लागतात. कॅपिटल आय ओळीच्या सुरुवातीला नेतं, कॅपिटल ए ओळीच्या शेवटी. ओ दाबलं की खाली नवी ओळ उघडते, कॅपिटल ओ दाबलं की वर. सहाही बटणं तुम्हाला एकाच इन्सर्ट मोडमध्ये सोडतात, फक्त दार वेगवेगळं. यातलं कॅपिटल ए मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम टाकायचा, अर्धविराम टाकायचा, कमेंट जोडायची, अशी कामं दिवसभर चालू असतात आणि कर्सर ओळीत कुठेही असला तरी हे एक बटण पुरतं. आधी एस्केप दाबा, मग बाणाने येवल्याच्या ओळीवर जाऊन कॅपिटल ए, स्वल्पविराम, एस्केप असं करून बघा. मग खालच्या ओळीवर जा आणि फक्त टिंब दाबा. शेवटचा बदल व्हिम तिथे जसाच्या तसा करून देतो. आणखी खाली जा, पुन्हा टिंब.

लिहून झालं की लगेच एस्केप दाबा, हे मी सगळ्यांना परत परत सांगतो. त्याला ठोस कारण आहे. नॉर्मल मोडमध्ये यू दाबलं की शेवटचा बदल रद्द होतो, आणि आयपासून एस्केपपर्यंत जे काही लिहिलं ते व्हिमच्या हिशेबात साधारण एकच बदल असतं. अर्धा तास इन्सर्ट मोडमध्ये बसून तीन परिच्छेद लिहिलेत तर एका यूसरशी तिन्ही जाऊ शकतात. कंट्रोल धरून आर दाबलं की ते परत येतात, घाबरू नका. पण वाक्यावाक्याला एस्केप दाबत गेलात तर मागे जाणंही वाक्यावाक्याने होतं.

एस्केपचं बटण लांब वाटत असेल तर कंट्रोल धरून डावा चौकटी कंस दाबा. टर्मिनलला दोन्हींतून एकच संकेत जातो. लॅपटॉपचं एस्केप सैल झालेलं असेल तेव्हा याचा फार आधार होतो.

नॉर्मल मोडच मुक्कामाचा का

बाकीच्या एडिटरमध्ये आपण कायम लिहिण्याच्या स्थितीत असतो. इथे उलट आहे. मुक्काम नॉर्मल मोडमध्ये, आणि लिहायपुरतं इन्सर्टमध्ये जायचं. हे उलटं का, याचं उत्तर जुन्या यंत्रांत सापडतं.

व्हीआय हा मूळ एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीच्या विद्यापीठात लिहिला. त्या वेळी घरून काम करायचं तर ३०० बॉडचा मोडेम, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. स्क्रीनवर मेनू रंगवायला वेळच परवडणारा नव्हता आणि माउस हाताशी नव्हता. थोड्या बटणांत जास्त काम व्हावं म्हणून एकाच बटणाला मोडप्रमाणे वेगळं काम दिलं गेलं. ते ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत त्याच्या कीबोर्डवर एच, जे, के, एल याच चार बटणांवर बाण छापलेले होते, आणि एस्केप होतं आजच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या शेजारी. व्हिम हा त्याचाच पुढचा अवतार. ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसाठी खुला केला आणि २०२३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत सांभाळला. फाइलचं नाव न देता व्हिम उघडलात तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ अनेकदा दिसते, ती त्यांचीच. व्हिम फुकट वापरा आणि जमलं तर तिथल्या मुलांसाठी काही द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही जुनी गरज आजही संपलेली नाही. सुट्टीत सुरगाण्याला किंवा पेठला घरी गेलेला विद्यार्थी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून कॉलेजच्या सर्व्हरला जोडतो तेव्हा रिमोट डेस्कटॉप अडखळतो, पण एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या मशीनचं नुसतं टर्मिनल उघडून, व्हिम चालतो. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात मशीनजवळच्या लिनक्स डब्याला नुसता कीबोर्ड जोडलेला असेल तरी काम अडत नाही.

नॉर्मल मोडमध्ये फिरायला तीच चार बटणं: एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. बाणाची बटणंही चालतात. सुरुवातीला बाण वापरल्याने काही बिघडत नाही, आधी मोड अंगवळणी पडू द्या. डब्ल्यूने पुढच्या शब्दावर जाता येतं, बीने मागच्या. डी दोनदा दाबलं की अख्खी ओळ कापली जाते आणि पी दाबलं की खाली चिकटते. पहिले काही दिवस एवढं पुरेसं आहे.

कोलन: सेव्ह करणं आणि बाहेर पडणं

नॉर्मल मोडमध्ये कोलन टाइप केलं की कर्सर उडी मारून सगळ्यात खालच्या ओळीवर येतो. हा कमांड-लाइन मोड. इथे कमांड लिहून एंटर दाबायचं. विचार बदलला तर एस्केप, की परत नॉर्मल.

डब्ल्यू म्हणजे सेव्ह. क्यू म्हणजे बाहेर. डब्ल्यू क्यू म्हणजे सेव्ह करून बाहेर. बदल केलेत पण सेव्ह केलं नाहीत आणि नुसतं क्यू दिलंत तर व्हिम अडवतो आणि बदल सेव्ह झालेले नाहीत असं लाल पट्टीत सांगतो. बदल टाकूनच द्यायचे असतील तर क्यूच्या पुढे उद्गारचिन्ह जोडा. कोलन नको असेल तर नॉर्मल मोडमध्ये कॅपिटल झेड दोनदा दाबलं तरी सेव्ह होऊन बाहेर पडता येतं.

फाइलच्या मजकुरातच कोलन डब्ल्यू क्यू उमटलेलं दिसलं तर समजा, तुम्ही इन्सर्ट मोडमध्ये होतात. एस्केप दाबा, यू दाबून निस्तरा आणि पुन्हा कोलनपासून सुरुवात करा. मात्र यूने त्या खेपेला लिहिलेलं बाकीचंही गेलं तर कंट्रोल-आरने परत आणा आणि बॅकस्पेसने तेवढाच भाग पुसा.

गिटवाल्यांसाठी आणखी एक. कमिटचा मेसेज लिहायला व्हिम उघडला आणि कमिट करायचंच नाही असं ठरलं, तर कोलन सी क्यू द्या. व्हिम गिटला काम फसलं असं कळवून बाहेर पडतो आणि गिट कमिट रद्द करतं. जुना कमिट सुधारताना नुसतं उद्गारचिन्हवालं क्यू दिलं तर जुना मेसेज तसाच राहून कमिट होऊन जातं, म्हणून तिथे सी क्यूच वापरा.

मराठी लेआउट चालू असताना

आता मुख्य अडचण. तालुक्यांची नावं मराठीत लिहायची आहेत. तुम्ही इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डचा लेआउट चालू केला, आय दाबून इन्सर्टमध्ये गेलात, छान लिहिलंत, एस्केप दाबलंत. आता खाली जायला जे दाबता आणि काहीच होत नाही. के दाबता, काही नाही. सेव्ह करायला कोलन देता, तेही येत नाही. व्हिम गोठला असं वाटतं.

तो गोठलेला नाही. एस्केपने व्हिमचा मोड बदलला, पण कीबोर्ड मराठीतच राहिला. इनस्क्रिप्टमध्ये एचच्या जागी प आहे, जेच्या जागी र, केच्या जागी क, एलच्या जागी त. तुम्ही चार दिशा दाबल्यात आणि व्हिमपर्यंत प, र, क, त पोचले. नॉर्मल मोडमध्ये या अक्षरांना काही काम नेमलेलं नाही, म्हणून तो गप्प बसतो किंवा फार तर बीप वाजवतो. शिफ्ट धरून कोलन दाबलंत तर छ जातो. शोधायला तिरपी रेघ दाबलीत तर य जातो. आयच्या जागी ग आहे, त्यामुळे परत इन्सर्टमध्ये जायचा रस्ताही बंद. एकटं एस्केप मात्र कुठल्याही लेआउटमध्ये चालतं, कारण त्याच्यावर अक्षर नसतं. कंट्रोल आणि चौकटी कंसाची जोडी मराठी लेआउटमध्ये भरवशाची नाही, कारण त्या बटणावर ड बसलेला असतो. फोनेटिक टायपिंग वापरत असाल तर नॉर्मल मोडमध्ये बटण दाबताच शब्द सुचवणारी चौकट उघडू शकते. तिथेही कारण हेच.

उपाय क्रमात आहे. आत जाताना आधी आय, मग लेआउट मराठी. बाहेर येताना आधी एस्केप, मग लेआउट इंग्रजी. विंडोजवर आणि उबंटूवर लेआउट बदलायला विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरून स्पेस दाबायचं, मॅकवर सेटिंगनुसार वेगळं असेल. एस्केप आणि लेआउटबदल ही एकाच झटक्यात करायची हालचाल म्हणून हाताला शिकवा. माझा सल्ला असा की मराठी मजकुराच्या फाइलवर काम करताना खालच्या ओळीइतकंच लक्ष घड्याळाशेजारच्या भाषेच्या खुणेवरही ठेवा. मोड दोन आहेत, म्हणून बघायच्या जागाही दोन.

मराठी शब्द शोधायचा असेल तर तिरपी रेघ इंग्रजी लेआउटमध्ये टाका, मग मराठीत जाऊन शब्द लिहा, एंटर दाबा, आणि पुढचा सापडलेला शब्द बघायला एन दाबण्याआधी परत इंग्रजीत या. हे शेवटचं पाऊल सगळे विसरतात आणि मग एनच्या जागचा ल व्हिमला पाठवत बसतात.

शब्द बदलण्याची कमांड यापेक्षा किचकट आहे, कारण तिच्यात चिन्हं इंग्रजी आणि शब्द मराठी. समजा, संपूर्ण फाइलमध्ये ‘सिन्नर’ जिथे आहे तिथे ‘सिन्नर तालुका’ करायचं आहे. डावीकडून उजवीकडे सरळ लिहीत गेलात तर प्रत्येक तिरप्या रेघेला लेआउट बदलावा लागतो. त्यापेक्षा आधी सगळा सांगाडा इंग्रजीत टाका: कोलन, टक्क्याचं चिन्ह, एस, लागोपाठ तीन तिरप्या रेघा, जी. अजून एंटर दाबू नका. आता लेआउट मराठी करा, डाव्या बाणाने पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या मध्ये या, सिन्नर लिहा, उजव्या बाणाने एक रेघ ओलांडा, सिन्नर तालुका लिहा आणि तिथूनच एंटर दाबा. कर्सर ओळीच्या मध्ये असला तरी पूर्ण कमांड चालते. लेआउट एकदा मराठीत गेला, एकदा परत आला, बस.

रोजच मराठीत लिहिणाऱ्यांनी पुढे कधीतरी व्हिममधली कीमॅपची सोय बघावी. तिच्यात टायपिंगचा तक्ता व्हिमच्या आतच असतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा लेआउट कायम इंग्रजी राहतो. तक्ता फक्त लिहिताना लागू होतो, नॉर्मल मोडच्या कमांडना हात लावत नाही. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल धरून ६ दाबलं की तो चालू-बंद होतो. असा तक्ता स्वतःही लिहिता येतो, पण पहिल्या महिन्यात त्याच्या मागे लागू नका.

टर्मिनलमध्ये काना-मात्रा आणि जोडाक्षरं कधीकधी विस्कटलेली दिसतात. तो टर्मिनलच्या चित्रणाचा दोष असतो, फाइल ठीक असते. दुसऱ्या एखाद्या एडिटरमध्ये उघडून एकदा खात्री करून घ्या म्हणजे मन शांत राहील.

व्हिज्युअल: तीन प्रकारची निवड

माउसने मजकूर निवडतो तसं इथे बटणांनी निवडायचं. नॉर्मल मोडमध्ये व्ही दाबलं की अक्षराअक्षराने निवड होते, कॅपिटल व्हीने अख्ख्या ओळी, आणि कंट्रोल धरून व्ही दाबलं की उभा चौकोन. निवड वाढवायला फिरण्याची नेहमीचीच बटणं. निवडून झालं की डीने कापा किंवा वायने कॉपी करा, काम होताच व्हिम आपोआप नॉर्मलमध्ये परततो. काहीच करायचं नसेल तर एस्केप.

तिसरा प्रकार शिकायला थोडा वेळ द्या. दुसऱ्या एडिटरमध्ये जे काम ओळीओळीने करावं लागतं ते यात एकदाच होतं. आपल्या पाच तालुक्यांच्या यादीत प्रत्येक नावाआधी डॅश आणि स्पेस टाकायची आहे:

१. इंग्रजी लेआउटमध्ये, नॉर्मल मोडमध्ये, पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर या.
२. कंट्रोल धरून व्ही. खाली व्हिज्युअल ब्लॉक असं दिसेल.
३. जे चार वेळा. पाचही ओळींची पहिली अक्षरं उजळतील.
४. कॅपिटल आय. निवड गेल्यासारखी दिसेल आणि खाली इन्सर्ट येईल.
५. डॅश आणि स्पेस टाइप करा. ती फक्त पहिल्या ओळीत उमटेल.
६. एस्केप. आता बाकीच्या चार ओळींतही ती येईल.

पाचव्या पायरीवर पुष्कळ जण घाबरून यू दाबतात किंवा हाताने दुसऱ्या ओळीकडे वळतात. थांबा. उरलेल्या ओळी एस्केपची वाट बघत असतात, आणि इथे एस्केपऐवजी कंट्रोल-सी वापरलं तर त्या ओळी भरल्या जात नाहीत. विंडोजवर काही टर्मिनल कंट्रोल-व्ही स्वतःकडे घेतात आणि क्लिपबोर्डवरचं चिकटवतात. तिथे कंट्रोल-क्यू करून बघा, त्याचंही काम उभी निवड करणं हेच आहे.

बाकीचे थोडक्यात

कॅपिटल आर म्हणजे रिप्लेस मोड, टाइप कराल तसं जुनं अक्षर पुसत जातो. एकच अक्षर बदलायचं तर साधा आर आणि नवं अक्षर, त्यात मोड बदलतच नाही. सी आणि डब्ल्यू लागोपाठ दाबलं की कर्सरपासून शब्दाच्या शेवटापर्यंतचं पुसलं जातं आणि तुम्ही थेट इन्सर्टमध्ये जाता. पुसणं आणि लिहायला लागणं एकाच हालचालीत होत असल्याने ही जोडी लवकर आवडते. इन्सर्टमध्ये असताना एकच नॉर्मल कमांड द्यायची असेल तर कंट्रोल धरून ओ दाबा. ती एक कमांड झाली की व्हिम तुम्हाला परत इन्सर्टमध्ये आणून सोडतो.

अडकलात तर

आधी एस्केप दाबा, हवं तर दोनदा. बहुतेक ठिकाणांहून त्याने परत येता. तरीही विचित्र वागत असेल तर पुढचं बघा.

जे दाबल्यावर खाली जाण्याऐवजी दोन ओळी एकमेकींना जोडल्या जात असतील किंवा के दाबल्यावर मदतीचं पान उघडत असेल, तर कॅप्स लॉक चालू आहे. तो बंद करा आणि जोडलेल्या ओळी यूने सोडवा.

खाली रेकॉर्डिंग असं लिहून आलं असेल तर चुकून क्यू आणि पुढे एखादं अक्षर दाबलं गेलं आहे, आणि व्हिम तुमची प्रत्येक हालचाल टिपून ठेवतो आहे. हे एस्केपने थांबत नाही. नॉर्मल मोडमध्ये एकदा क्यू दाबा.

खाली जुन्या कमांडची यादी असलेली छोटी खिडकी उघडली असेल तर कोलन आणि क्यू उलट्या क्रमाने दाबले गेले. त्या खिडकीत कोलन क्यू देऊन एंटर दाबा, ती बंद होते.

काहीच हलत नसेल, एस्केपलाही दाद नसेल, तर दुसऱ्या एडिटरच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलं असू शकतं. त्याने काही ठिकाणी टर्मिनलचं चित्र थांबतं. कंट्रोल-क्यू दाबा, लगेच सुटतं. मधल्या काळात दाबलेली बटणं वाया गेलेली नसतात, ती सगळी एकदम लागू होतात, म्हणून अडकल्यावर कीबोर्ड बडवू नका. व्हिम अचानक नाहीसा होऊन टर्मिनलची ओळ दिसायला लागली तर कंट्रोल-झेडने तो मागे गेला आहे. एफ जी टाइप करून एंटर दाबा, होतात तिथेच परत याल.

आणि वीज गेली तर. सिन्नर-येवल्याकडच्या मुलांना डेस्कटॉपवर काम करताना हा प्रश्न पडतोच. व्हिम काम चालू असताना शेजारी एक स्वॅप फाइल ठेवतो. वीज आल्यावर तीच फाइल उघडलीत की इशाऱ्याचा मोठा मजकूर येतो आणि खाली पर्याय विचारले जातात. आर दाबा, म्हणजे वाचलेला मजकूर परत मिळेल. तो तपासा, सेव्ह करा, बाहेर पडा. पुन्हा उघडल्यावर तोच इशारा आला तर आता डी दाबून जुनी स्वॅप फाइल काढून टाका. हा क्रम उलटा करू नका. आधी डी दाबलंत तर परत मिळवायला काही उरत नाही.

सरावासाठी टर्मिनलमध्ये व्हिमट्यूटर ही कमांड द्या. व्हिमसोबतच येणारा हा पाठ साधारण अर्ध्या तासात होतो. वाचत वाचत त्याच फाइलमध्ये बदल करायचे असतात, आणि तो दर वेळी नवी प्रत उघडतो, त्यामुळे बिनधास्त मोडतोड करा. तो झाला की आपली तालुक्यांची फाइल परत उघडा, उरलेले दहा तालुके या वेळी मराठीत भरा आणि प्रत्येक नावानंतर एस्केप, मग लेआउट इंग्रजी, मग ओ, मग लेआउट मराठी असा फेरा धरा. पहिल्या दोन-तीन नावांना कंटाळवाणं वाटेल. नांदगाव-मालेगावपर्यंत पोचाल तोवर बोटं स्वतःहून करायला लागलेली असतील.